कमानीच्या डाव्या खांबाचा माणूस

ट्रानेबी गावात व्हिबेकेचं हसू आधी पोचतं आणि व्हिबेके मागून. बेकरीच्या कोपऱ्यावर तो खळखळाट ऐकू आला की लोक आपोआप केस सारखे करतात, कारण तिच्या गळ्यात कॅमेरा असणार हे ठरलेलं. बाई सत्तावन्न वर्षांची, पण हसायला लागली की सोळाचीच. फोटो काढताना ती कुणाला "हसा" म्हणून सांगत नाही. आपणच आधी हसते. मग समोर पाद्रीबुवा असोत नाहीतर करखात्यातला साहेब, त्यांचेही दात दिसतातच.

डेन्मार्कमधल्या लांगेलान बेटाच्या या टोकाला गेल्या तीसएक वर्षांत जेवढी लग्नं आणि बारशी झाली, ती सगळी तिनेच टिपली. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. तिला तिशी लागली तेव्हा शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे तेलाची रिकामी पिंपं एकावर एक रचून तिच्या दारात माणसाहून उंच मिरपूडदाणी उभी केली. बिनलग्नाच्या माणसाची तिशी आमच्याकडे अशीच साजरी होते. दुसरी एखादी घरात तोंड लपवून बसली असती. व्हिबेकेने त्या पिंपांपाशी उभं करून गावभराचे फोटो काढले आणि नंतर पिंपांत माती भरून गुलाबी फुलं लावली.

धंद्यात मात्र ती काही हसण्यावारी नेत नसे. तिचा एक नियम होता. आठवड्याभरात जाणार असेल ते फोटोतून पुसायचं, जन्मभर राहणार असेल ते ठेवायचं. म्हणजे मुरूम गेला, तीळ राहिला. नवरदेवाने लग्नाच्या सकाळी दाढी करताना कापून घेतलं ते गेलं, लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण राहिली. गावात वाद झाला, की अमका तमक्याच्या लग्नाला आला होता की नव्हता, तर लोक तिचा फोटो काढून बघत आणि वाद तिथेच मिटे.

अशा बाईच्या कॉम्प्युटरात मागच्या हिवाळ्यात न मागता एक नवं बटण येऊन बसलं. फोटो दुरुस्त करायचं जे सॉफ्टवेअर ती वर्षानुवर्षं वापरत होती, त्यातच आता एआय आलं होतं. नको ते पुसा, हवं ते मागा, मशीन चित्र भरून देईल. तिने भीत भीत एका बारशाच्या फोटोतली कचऱ्याची कुंडी पुसायला सांगितली. मशीनने कुंडी पुसली आणि तिच्या जागी एक बकरी उभी केली. व्हिबेके खुर्चीवरून पडायची तेवढी बाकी राहिली. पुन्हा सांगितलं, तर बकरी गेली आणि कुंडी परत आली, पहिलीपेक्षा मोठी.

हसून झाल्यावर तिने त्या बकरीकडे परत एकदा नीट पाहिलं आणि तिचं हसू जरा ओसरलं. सावली अगदी बरोबर पडली होती. बकरीच्या दाढीचे केससुद्धा वाऱ्याच्या दिशेने उडत होते.

"त्याला सगळं येतं गं," बेकरीत भेटलेल्या मेरेटेला ती म्हणाली. ही तिची शाळेपासूनच्या ओळखीतली धाकटी मैत्रीण. "फक्त तिथे खरं कोण होतं ते ठाऊक नाही. बरं, ठाऊक नाही असं कबूल करावं की नाही? ते नाही. सरळ बकरी ठेवून देतं!"

"मग आपल्या नगराध्यक्षासारखंच की," मेरेटे म्हणाली, आणि दोघी पावाच्या पिशव्या पोटाशी धरून रस्ताभर हसत गेल्या. त्यानंतर व्हिबेकेने त्या बटणाला बोट लावलं नाही.

मग वसंतात टॉर्किल आला. टॉर्किल गवती छपरं शाकारतो, बेटावरची निम्मी घरं त्याच्याच हातची. बायको फार पूर्वीच त्याला सोडून कोपनहेगनला गेलेली. साठीचा, उंच, जरासा वाकलेला, मोजकं बोलणारा गडी, आणि कपड्यांत कुठे ना कुठे गवताची काडी अडकलेली. त्याला पासपोर्टचा फोटो हवा होता. पासपोर्टच्या फोटोत हसायला बंदी असते, आणि नेमकं हेच व्हिबेकेच्या स्टुडिओत कुणाला जमत नाही.

"तोंड मीट," ती म्हणाली.

"मिटलंय."

"डोळ्यांनी हसतोयस."

"डोळे मिटू का?"

झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी व्हिबेकेची गत. तिला हसू आवरेना, तिच्याकडे बघून त्याला आवरेना. कसाबसा एक फोटो निघाला, तो कचेरीतून परत आला, दात दिसतात म्हणून. टॉर्किल दुसऱ्यांदा आला. त्या खेपेचा फोटो चालला, पासपोर्टही मिळाला, तरी टॉर्किल तिसऱ्यांदा आला. "फोटो चालला, एवढंच सांगायला आलो," म्हणाला आणि कॉफी पिऊन गेला. पासपोर्ट घेऊन तो कुठेही गेला नाही.

आपल्याला काय झालंय हे व्हिबेकेला कळत होतं आणि त्याचंच तिला भयंकर हसू येत होतं. रात्रंदिवस गावाला बोलतं करणारी बाई, पण त्याच्यासमोर ती एक गोष्ट बोलायची तिची छाती होईना.

जूनमध्ये मेरेटे आणि तिचा नवरा ब्यार्ने यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी जमून लाकडी चौकटीवर हिरव्या फांद्या बांधल्या, वर चंदेरी पंचविसाचा आकडा लावला, आणि भल्या पहाटे ती कमान गुपचूप त्यांच्या दाराला उभी केली. चौकट अर्थातच टॉर्किलने ठोकलेली. आत नवरा-बायको झोपेचं सोंग घेऊन पडलेले. बाहेर बसड्रायव्हर प्रेबेनने ट्रम्पेट फुंकलं, सगळ्यांनी गाणं धरलं, की सोंग संपवून अंगावरच्या कपड्यांनिशी दारात यायचं, अशी रीत. या पहाटेचं आमंत्रण कुणाला नसतं. येईल तो आपला. गाणं झालं की घरच्यांनी सगळ्यांना कॉफी, पाव आणि कडू दारूचा घोट द्यायचा. "तुम्ही कोण?" असं विचारणं म्हणजे शुद्ध असंस्कृतपणा.

मेरेटे फुलाफुलांच्या झग्यात दारात आली, ब्यार्ने उलट्या घातलेल्या गाऊनमध्ये. व्हिबेके समोर अंगणात, घरून आणलेल्या स्टुलावर चढून सटासट फोटो घेत होती. आणि कमानीचा डावा खांब एका हाताने धरून टॉर्किल उभा होता. त्याच्या केसांत देवदाराची एक डहाळी अडकली होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. व्हिबेकेने ती पाहिली. मग ती पाहतच राहिली, कॅमेऱ्यातून नव्हे, कॅमेऱ्याच्या वरून. बोट आपलं बटण दाबतच होतं.

घरी येऊन तिने फोटो उघडले आणि तिची पाचावर धारण बसली. एकूण एक फोटोत कॅमेरा उजवीकडे घसरला होता. उजव्या बाजूला शेजाऱ्यांचं कुंपण पोटभर आलेलं, आणि डावीकडे कमान खांबापाशीच कापलेली. टॉर्किलचा पत्ता नाही. फक्त खांबाला धरलेली त्याची चार बोटं आणि अंगठा.

आता आली का पंचाईत! कमान कापलेला फोटो मेरेटेला द्यायचा, तर सगळं गाव विचारणार, व्हिबेके, तुझ्या हातून असं झालंच कसं? आणि उत्तर तिच्या तोंडावरच उमटणार. बरं, मेरेटेला साप्ताहिकातल्या आभाराच्या जाहिरातीसाठी फोटो त्याच दिवशी हवा होता, अंक दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता. पंजा पुसून टाकावा, तर तो टॉर्किलचा. जन्मभर राहणारा. नियमात बसत नव्हतं, आणि मनाला तर मुळीच पटत नव्हतं.

शेवटी तिने ते बटण दाबलं. चित्र डावीकडे वाढव, म्हणाली, एवढा खांब पुरा कर बाबा. मशीनने खांब पुरा केला. आणि पंजा दिसतोय म्हणजे मागे माणूस असणार, असा स्वतःच विचार करून माणूसही पुरा केला. पहिल्या खेपेला दाढीवाला खलाशी आला. दुसऱ्या खेपेला नवरीच आली, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, हात मात्र छपरं शाकारणाऱ्याचा. व्हिबेकेने हसून हसून डोळे पुसले आणि परत दाबलं. तिसऱ्या खेपेला आला तो चाळिशीचा, निळ्या सुटातला, असा देखणा गडी की बघणाऱ्याने दोन घोट पाणी प्यावं. मशीनला बोटं जमत नाहीत असं तिने ऐकलं होतं, म्हणून मोजली. बरोबर होती. बरोबर असणारच, ती टॉर्किलची होती.

'कडेलाच तर आहे,' तिने स्वतःची समजूत घातली. 'पंधरा-वीस माणसांच्या घोळक्यात त्याच्याकडे कोण बघतंय?' आणि फोटो पाठवून दिला.

त्याच्याकडे सगळ्यांनी बघितलं. साप्ताहिक आल्या दिवशी दुपारपर्यंत ट्रानेबीत दुसरा विषय नव्हता. मेरेटेच्या माहेरच्यांना वाटलं तो ब्यार्नेकडचा, ब्यार्नेकडच्यांना वाटलं तो मेरेटेकडचा. आणि तो नक्की कोण हे माहीत नसलं, तरी त्याला भेटल्याचं मात्र प्रत्येकाला आठवत होतं. व्हिबेकेचा फोटो म्हणजे घडलेली गोष्ट!

"मला खडीवरून चालवेना, तर ह्यानेच मला हात दिला," ब्यार्नेची शहाऐंशी वर्षांची रिग्मोर आत्या म्हणाली. "वर खुर्चीही आणून दिली. काय वळण आहे!"

"आवाज काय खर्जातला," प्रेबेन म्हणाला. "माझं ट्रम्पेट चुकलं, पण ह्याने गाणं सोडलं नाही. ह्याच्यामुळे आपली लाज राहिली."

दुकानात, बेकरीत, बसमध्ये त्याची कीर्ती वाढत चालली. कुणी म्हणे तो डॉक्टर, कुणी म्हणे विधुर. व्हिबेके ऐकायची आणि पदोपदी तोंडात रुमाल कोंबून दुकानाबाहेर पळायची. चोराच्या मनात चांदणं, पण तिच्या चांदण्याला उकळ्या फुटत होत्या. खरं सांगायला ती रोज निघायची आणि रोज कुणीतरी त्या माणसाविषयी असं काही सांगायचं, की सांगणाऱ्याचा विरस करवत नसे.

आणि मग मेरेटे रडकुंडीला येऊन स्टुडिओत आली.

"व्हिबेके, मी मेले आता. शनिवारी कमान उतरवायची."

कमान आपली आपण उतरवायची नसते. ज्यांनी उभी केली, त्यांनीच येऊन ती उतरवायची, आणि यजमानांनी त्यांना पुन्हा जेवू घालायचं. एक जरी माणूस बोलवायचा राहिला तरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं.

"सगळ्यांना सांगून झालं, आणि त्यालाच सांगता येत नाही," मेरेटे म्हणाली. "घरी येऊन खांब धरून उभा राहिला बिचारा, आणि आम्ही नावसुद्धा विचारलं नाही. दुकानाच्या फळ्यावर त्याचा फोटो लावलाय. तू शोधून काढ ना गं त्याला! आणि टॉर्किलचंही काहीतरी बिनसलंय. येणार नाही म्हणतो. चौकट सोडवायपुरता येईन, जेवायला थांबणार नाही. फळ्यावरचा फोटो बघत किती वेळ उभा होता. मग मला विचारतो, हे कॉम्प्युटर माणसाला आपसूक काढून टाकतं, की कुणी सांगावं लागतं?"

व्हिबेकेचं हसू तोंडातल्या तोंडात विझलं. देखण्या माणसाच्या नादात ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. टॉर्किलने फोटोत आपली जागा बघितली असणार. आपला हात ओळखला असणार. आणि त्या हाताला दुसऱ्याचं तोंड चिकटवलेलं बघून त्याने काय समजायचं ते समजून घेतलं असणार: ह्या बाईला आपलं रुपडं फोटोत नकोसं झालं. मशीनला तिथे कोण होतं ते ठाऊक नव्हतं. तिला तर होतं. त्या विचाराने तिला रडूच आलं. मेरेटेला वाटलं, बाई आपल्याच काळजीने रडतेय.

शनिवारी ब्यार्नेच्या अंगणात लांबच लांब टेबल मांडलं होतं. गावातल्या बायका एवढ्या नटून आल्या होत्या की कमान उतरवायला आल्यात असं कुणी म्हटलं नसतं. टेबलाच्या मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवली होती. कोणासाठी ते विचारायला नको. फांद्या सुटल्या, पंचविसाचा आकडा मेरेटेच्या हातात आला, टॉर्किलने चौकट सोडवून गाडीत घातली. शेगडीवर सॉसेज करपायला लागले, तरी मेरेटे कुणाला बसू देईना.

"अजून जरा थांबू. तो येईल."

"मी निघतो," टॉर्किल म्हणाला.

व्हिबेके खुर्चीवर चढली. चमच्याने ग्लास वाजवला. भाषण करायचं तर असाच वाजवतात, पण ती एवढ्या जोरात वाजवत होती की ग्लास फुटला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"तो येणार नाही," ती म्हणाली. "तो नाहीच. असा माणूसच नाही. मशीनने केला तो. माझ्या मशीनने."

मग रिग्मोर आत्याने काठी आपटली.

"काहीतरीच! त्याने मला हात दिला. माझा हात मला कळत नाही?"

"तो मी होतो, आत्या," गाडीच्या दारापाशी उभा असलेला टॉर्किल म्हणाला.

आत्याने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "इकडे ये. हात दाखव." त्याने दाखवला. तिने तो दाबून बघितला. "हाच," ती म्हणाली. "मी म्हणतेच आहे, सुटातल्या माणसाचा हात किसणीसारखा कसा?"

"मग खर्जात कोण गात होतं?" प्रेबेनने विचारलं.

"मीच."

"खुर्चीही तूच आणलीस?"

"ती इथलीच होती. फक्त उचलून आणली."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मेरेटेने दोन्ही हात गालांवर ठेवले. पंचवीस वर्षांपासूनचा शेजारी, त्याचीच चौकट, त्याचाच आवाज, त्याचाच हात, आणि आठवडाभर सगळं गाव ते कुणा निळ्या सुटाच्या नावावर जमा करत होतं! तो फोटोत नाही हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांचीच मान खाली गेली. अशा वेळी गप्प बसेल तो प्रेबेन कसला?

"पण व्हिबेके," तो म्हणाला, "टॉर्किल तिथे होता, तर तू त्याला कापलंसच कसं? तीस वर्षांत तू कुणाचा कान कापला नाहीस!"

आता तिला काहीही सांगता आलं असतं. वारा होता, स्टूल डगमगत होतं, ऊन डोळ्यांवर होतं. टॉर्किल बुटांकडे बघत होता.

"मी कॅमेऱ्यात बघत नव्हते," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे बघत होते. सगळा वेळ. त्याच्या केसांत डहाळी अडकली होती." आणि मग तिला हसू फुटलं, हसता हसता रडू फुटलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडायला लागलं. "मला कळलंसुद्धा नाही रे कॅमेरा कुठे गेला ते!"

टॉर्किलने मान वर केली. त्याचे कान लालबुंद झाले होते. पासपोर्टच्या कचेरीने जे तोंड परत पाठवलं होतं, तेच तोंड आता सगळ्या गावासमोर उघडं पडलं होतं, दातांसकट.

पहिला पाय आत्याने आपटला. मग काठी. मग प्रेबेनने दोन्ही पाय. बघता बघता टेबलाभोवतीची सगळी पावलं धडधडायला लागली. लग्नाच्या जेवणात पाहुण्यांनी असे पाय आपटले की जोडप्याने टेबलाखाली जाऊन मुका घ्यायचा असतो, आणि कुणालाही त्यातून सुटका नसते. ब्यार्ने सवयीने गुडघ्यांवर बसायला लागला, मेरेटे झगा सावरायला लागली.

"तुम्ही नव्हे!" सगळे एकदम ओरडले.

व्हिबेके आधी गेली. टॉर्किलला खाली जायला वेळ लागला, उंच माणूस, गुडघे जुने. टेबलक्लॉथ खाली पडला आणि तिथे फक्त ती दोघं आणि चहूबाजूंनी नाचणारे बूट उरले. तिला हसण्यापुढे मुका जमेना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिच्या नाकावर गेला. तिसऱ्यांदा जमलं.

"मला वाटलं तू मला पुसलंस," तो म्हणाला.

"वेड्या! तुझा हात पुसवेना म्हणून तर एवढं रामायण झालं. पण एक सांग, त्या खांबाला तू धरून का उभा होतास? पडत होता का?"

"छे. मी रोवलेला खांब पडतो होय?" टॉर्किल म्हणाला. "तू माझ्याकडे बघत होतीस. हात कुठे ठेवायचा तेच सुचेना."